बरोबरीचं बटण

फोनला हात जोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

महाडच्या बाजारपेठेत आमचा छापखाना आहे. तिथं कटिंग मशीनच्या पलीकडे एक लोखंडी टेबल आहे. मामा त्यावर स्टीलच्या डब्याला टेकवून फोन उभा करायचे, शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायचे, खुर्चीत ताठ बसायचे आणि पडद्यावर समोरच्या खेळाडूचं नाव उमटलं की दोन्ही हात जोडून मोठ्यानं म्हणायचे, "नमस्कार." समोरचा कधी कानपुरात असायचा, कधी केनियात, कधी कुठे ते कळायचंही नाही. त्याला हे हात दिसत नसत, आवाज ऐकू जात नसे. छपाईला आलेली माणसं हसायची. लग्नपत्रिका घेऊन आलेल्या एका गृहस्थांना तर राहवेना.

"मामा, तो दिसतो का तुम्हाला?"

"नाय."

"त्याला तुम्ही दिसता?"

"त्याला पण नाय."

"मग हात कुणाला जोडता?"

मामांनी त्यांच्या हातातल्या पत्रिकेकडे पाहिलं. "तुम्ही ह्यात 'सहकुटुंब यावे' छापलंय. समदी येतील म्हणून छापलंय काय?"

गृहस्थ प्रूफ तपासायला लागले.

मामा माझे मामा नव्हते. डेपोतले कंडक्टर त्यांना मामा म्हणायचे, म्हणून आम्हीही. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. एसटीत ड्रायव्हर होते, आणि बहुतेक नोकरी घाटात गेलेली. बुद्धिबळ ते डेपोच्या विश्रांतीगृहात एका मेकॅनिककडून शिकले. त्या मेकॅनिकच्या पटावरचा एक उंट हरवला होता, त्याच्या जागी एक बोल्ट उभा केलेला असायचा. निवृत्तीनंतर मुंबईच्या मुलानं फोन आणून दिला आणि त्यात बुद्धिबळही घालून दिलं. पण वाडीत रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीवर. टाकीवर चढून बसलेला सासरा सुनेला पटेना, म्हणून मामा सकाळच्या गाडीनं महाडला उतरायला लागले. माझ्या वडिलांनी त्यांना टेबल दिलं आणि वायफायचा पासवर्ड दिला.

दर डावाच्या आधी ते चॅटमध्ये एक ओळ पाठवायचे. ती मीच त्यांना टाइप करून फोनमध्ये साठवून दिली होती: "नमस्कार. मी पोलादपूरचा. गाडी अडली तर सांगा, थांबेन." डाव संपला की दुसरी: "आभारी आहे. सावकाश जा." जगभरातल्या लोकांना ही ओळ मराठीत जायची. बहुतेक जण काहीच उत्तर देत नसत. काही जण प्रश्नचिन्ह पाठवायचे.

"इंग्रजीत लिहून देऊ का?" मी एकदा विचारलं.

"कशाला? घाटात हात दाखवतो तो काय इंग्रजीत दाखवतो?"

त्यांचं सगळं घाटातून यायचं. घाटातल्या ड्रायव्हरांचे काही कायदे असतात आणि ते कुठल्याही परवान्याच्या परीक्षेत विचारत नाहीत. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, कारण एकदा थांबली तर तिला पुन्हा उचलणं जड जातं. वळणावर आधी हॉर्न द्यायचा आणि उत्तर ऐकायचं. गाडी गाडीला घासून निघाली की हात वर करायचा, मग तो कुणी का असेना. आणि अडलेली गाडी दिसली की काच खाली करून विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. मामांनी हे सगळं उचलून बुद्धिबळात आणलं होतं. समोरचा विचार करत बसला तर मामा दुसरं काही करत नसत. चहा आला तरी निवू द्यायचे. हरायला लागलेले काही जण चाल न करता घड्याळ संपेपर्यंत नुसते बसून राहतात, हा ऑनलाइन बुद्धिबळातला सगळ्यांत घाणेरडा प्रकार. तेव्हाही मामा गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याकडे बघत राहायचे.

"मामा, तो मुद्दाम करतोय. पेपर तरी वाचा तोवर."

"त्याचा वेळ हाय गो. तो कसा वापरायचा ते त्यानं ठरवायचं. मी कसं बसायचं ते मी."

स्वतः हरले की मात्र ते खुर्चीतून उठून उभे राहायचे. सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात शेकून शेकून कसेबसे चालते ठेवलेले ते गुडघे, तरी उठायचेच. "तुम्ही पुढं," असं फोनला म्हणायचे आणि मग राजीनाम्याचं बटण दाबायचे. हरतोय असं दिसताच काही न बोलता डाव सोडून पळणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता. शिव्या देणाऱ्यांचा तेवढा नव्हता. एकदा उत्तरेकडच्या कुणीतरी चॅटमध्ये त्यांच्या आईबहिणीचा उद्धार केला. मामांनी मला तो मजकूर वाचायला लावला. मी वाचायला तयार नव्हते.

"वाच. पत्र आलंय, वाचायला नको?"

मी वाचलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिही. आपली चाल आहे." एवढंच मी लिहिलं. पुढच्या दहा चालींत त्यांनी त्याचा वजीर कोंडला आणि तो मारताना चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. शेवटी ठरलेली ओळ गेलीच: आभारी आहे, सावकाश जा.

मला हे सहन व्हायचं नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या छापखान्यात धरणग्रस्तांची पत्रकं छापली गेली, संपाची छापली गेली, चवदार तळ्यावरच्या मेळाव्यांची तर दरवर्षी. छापून उरलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. पान उलटलं की दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत 'धिक्कार' असायचं. विरोधकाला सौजन्य दाखवायचं ते गुलामांनी, असं माझं मत होतं आणि मी ते मामांना स्वच्छ सांगितलं होतं. तुम्ही लोक हात जोडता म्हणून ते पाय पसरतात, असंही म्हणाले होते. 'तुम्ही लोक' म्हणजे कोण, ते माझं मलाच नीट माहीत नव्हतं.

"मी हात जोडतो तो जिंकायला बसतो," मामा म्हणाले. "तुला काय वाटलं, पाहुणचार करायला बसतो?"

याचा पुरावा मला लवकरच मिळाला. महाडात बुद्धिबळाच्या स्पर्धेचं उद्घाटन होतं. उद्घाटक एक पुढारी. फीत कापून झाल्यावर त्यांना हौस आली की एखाद्या ज्येष्ठ खेळाडूबरोबर दोन चाली खेळू, फोटो निघतील. मामांना पुढे करण्यात आलं. मामांनी हात जोडले, नमस्कार म्हणाले आणि बसले. पुढाऱ्यांनाही खेळ येत होता, थोडाफार. दोन चालींच्या चार झाल्या, चारच्या दहा. एक कार्यकर्ता मामांच्या कानाशी वाकला. काय बोलला ते मागे उभ्या असलेल्या मला नीट ऐकू आलं: "मामा, साहेबांना गाडी गाठायचीय. सोडा आता एखादं."

मामांनी मान डोलावली. पुढच्या चालीला शह दिला आणि त्याच्या पुढच्या चालीला मात. मग उभे राहून पुन्हा हात जोडले. फोटो निघाला तो तसाच निघाला: मामा हात जोडून उभे, पुढारी पटाकडे बघतायत आणि राजा कोपऱ्यात.

"एवढा मान दिला त्यांना, आणि हरवलंत?" मी बाहेर आल्यावर हसत विचारलं.

"मान त्यांचा. डाव माझा. तो कसा देऊ?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी वाद घालायचं सोडलं असं नाही, पण जरा ऐकायला लागले. आणि ऐकायला लागले म्हणून त्या ट्रकची गोष्ट मला कळली. मामांनी ती एकदाच सांगितली, आणि तीही फोन डब्यात ठेवल्यावर.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत घाटाच्या पायथ्याशी एका ट्रकवाल्याशी त्यांची बाचाबाची झाली. त्यानं भर रस्त्यात, प्रवाशांसमोर मामांना घाण शिव्या दिल्या. तासाभरानं वर चढताना मामांना तोच ट्रक वळणावर अडलेला दिसला. बॉनेट उघडं, ड्रायव्हर रस्त्यात उभा. त्यानं हात केला. मामांनी गाडी थांबवली नाही.

"मग? काय झालं त्याचं?" मला वाटलं आता काहीतरी भयंकर ऐकायला मिळणार.

"काय नाय. मागनं दुसरी गाडी आली, तिनं मदत केली. संध्याकाळी तो ट्रक महाडात उभा होता."

"मग झालं तर."

"त्याचं झालं. मी नाय थांबलो ते तसंच हाय ना." ते डब्याचं झाकण लावत होते. "आरशात दिसत होता गो. पुढच्या वळणापतूर दिसत होता."

एवढंच. पण हे माहीत नसेल तर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. माझ्या संघातल्या बाकीच्यांना ते माहीत नव्हतं आणि त्यांना ते वेडेपणाचंच वाटलं.

जिल्ह्यात ऑनलाइन सांघिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आम्ही महाडचा संघ उभा केला. चार खेळाडू. मी कर्णधार, कारण अर्ज भरायला मीच तयार होते. दुसरे औषधांच्या दुकानाचे मालक. तिसरा पोलीसभरतीची तयारी करणारा तरुण, दोनदा थोडक्यात हुकलेला. त्याला राज्य पातळीवरचं प्रमाणपत्र हवं होतं, खेळाडूंच्या राखीव जागेसाठी. आणि चौथे मामा. स्पर्धेत पहिले दोन संघ राज्य पातळीवर जाणार होते. आम्ही चौघं छापखान्यातच बसून खेळायचो, चार टेबलांवर चार फोन.

शेवटच्या फेरीत आमच्यासमोर किनाऱ्याकडच्या एका गावाचा संघ होता. आमचे तिघांचे डाव संपले तेव्हा गुण बरोबरीत होते. उरला मामांचा डाव. त्यांच्यासमोर एक तरुण होता. मामांच्या ठरलेल्या ओळीला त्यानं उत्तर दिलं होतं, "अंकल, टाइमपास नको, खेळा." मामा एका हत्तीनं वर होते. आमच्यातला कुणीही तो डाव डोळे मिटून जिंकला असता. आणि अशात समोरच्याची रेंज गेली.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. समोरचा खेळाडू गायब झाला की थोड्या वेळानं पडद्यावर तीन पर्याय येतात. विजय घ्या. बरोबरी करा. नाहीतर थांबा. मामा थांबले. समोरच्याचं घड्याळ चालू होतं. एक मिनिट, दोन मिनिटं. आम्ही तिघं त्यांच्या पाठीशी उभे.

"मामा, दाबा," औषधवाले म्हणाले.

"येईल तो."

"मामा, त्याची वेळ संपत आलीय. दाबलं नाही तरी आपण जिंकतोय," मी म्हणाले. "तुम्ही फक्त काही करू नका."

मी हे बोलायला नको होतं. मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. शेवटचे काही सेकंद उरले होते. त्यांनी बोट पुढे केलं आणि बरोबरीचं बटण दाबलं.

पलीकडे कटिंग मशीन चालू होतं.

"हे काय केलंत?" भरतीवाला तरुण म्हणाला.

"अडलेल्याच्या अंगावरनं कशी नेऊ?" मामा म्हणाले आणि गळ्याजवळचं बटण सोडायला लागले.

खरं तर आमचं काही बिघडलं नव्हतं. मागच्या फेऱ्यांच्या गुणांवर आम्ही तसेही पुढे जात होतो. पण आम्ही जिंकलो असतो तर दुसरा संघ ठरला असता तो तिसराच कुणीतरी. बरोबरी झाली, म्हणून त्यांच्याऐवजी हा समोरचा संघ दुसरा आला. तो तिसरा संघ चिडला आणि त्यानं तक्रार केली: महाडनं जिंकलेला डाव मुद्दाम सोडला, दोघांचं आधीच ठरलं होतं. पुरावा म्हणून त्यांनी मामांची चॅटमधली ओळ जोडली. "गाडी अडली तर सांगा, थांबेन." डाव सुरू होण्याआधी पाठवलेली!

तक्रार वाचून मी पेटले. चार पानी उत्तर लिहिलं. त्यात तिसऱ्या संघाला रडे म्हटलं होतं, जिल्ह्याच्या मंडळींना खुर्चीचे किडे म्हटलं होतं, आणखी बरंच होतं. छापून वाटायचाच विचार होता. मामांनी ते वाचायला मागितलं. माझ्या टेबलावरचं लाल पेन घेतलं आणि एकेक शिवी खोडत गेले. चार पानांचं पाऊण पान उरलं.

"सगळा दम काढलात त्यातला," मी म्हणाले.

"उरलंय ते वाच. खरं तेवढंच उरलंय. बाकी तू रागवलीस एवढंच लिहिलं होतंस." मग जरा थांबून म्हणाले, "आणि त्या तिसऱ्या संघाचं बरोबर हाय. त्यांची जागा गेली माझ्यामुळं. त्यांना रडे कशाला म्हणतेस?"

हे मला सुचलंच नव्हतं. मामांचं सौजन्य समोरच्याला मिळालं आणि त्याचा भुर्दंड तिसऱ्यानं भरला. मी ते मामांना तसंच सुनावलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि सबंध दिवस एकही डाव खेळले नाहीत.

सुनावणी महाडलाच झाली, एका शाळेच्या वर्गात, रविवारी सकाळी. बाकांवर आम्ही, टेबलामागे जिल्ह्याचे तिघं, आणि भिंतीवरच्या पडद्यावर व्हिडिओवरून तो समोरचा तरुण. मामा पांढरा शर्ट घालून आले होते. आत आल्या आल्या पडद्याकडे बघून हात जोडले. "नमस्कार. त्या दिवशी समोरासमोर राहिलं." तरुण गडबडला. त्यानं हात जोडल्यासारखं काहीतरी केलं.

टेबलामागचे मुख्य गृहस्थ निवृत्त अधिकारी होते. वाईट माणूस नव्हते. त्यांनी तरुणाला विचारलं, "तुमचं यांच्याशी आधी काही बोलणं झालं होतं?"

"नाही सर. मी ओळखतही नाही यांना. माझी रेंज गेली, परत आलो तर बरोबरी झालेली."

"मग त्यांनी ती का दिली?"

"माहीत नाही सर. मी असतो तर दिली नसती."

वर्गात हशा पिकला. मामाही हसले.

"तुम्ही सांगा," गृहस्थ मामांकडे वळले. "का दिलीत?"

"त्याची रेंज गेली होती साहेब."

"म्हणून? नियमात स्पष्ट लिहिलंय, रेंजची जबाबदारी ज्याची त्याची."

"हाय ना. त्याची जबाबदारी त्याची. पण माझं बोट तर माझं हाय."

खरी अडचण पुढेच होती. जिंकलेल्या डावात बरोबरीचं बटण दाबलं तर काय करायचं, याबद्दल त्यांच्या नियमपुस्तकात एक अक्षरही नव्हतं. संगनमताबद्दल मात्र अख्खं कलम होतं. म्हणून त्यांनी कागद तयार करून आणला होता. 'मी प्रतिस्पर्ध्याशी संगनमत करून निकाल बदलला, त्याबद्दल माफी मागतो.' मामांनी खाली सही केली तर दोष एकट्या मामांचा. त्यांच्यावर बंदी, तो डाव रद्द, तिसरा संघ वर, आणि महाडचा संघ बदली खेळाडू घेऊन राज्य पातळीवर. सही केली नाही तर दोष संघाचा आणि संघ बाद.

"डाव रद्द करा," मामा लगेच म्हणाले. "मला काढा. तिसऱ्या संघाला न्या. समदं कबूल. फक्त तो शब्द काढा."

"तो शब्द काढला तर कलम लागत नाही."

"मग नका लावू."

"मामा, शब्दाचं काय घेऊन बसलात! एक सही करा, हे सगळे पुढे जातील. तुमच्या वयाला काय फरक पडतो?"

भरतीवाला तरुण बाकावरून उठला आणि मामांच्या शेजारी येऊन बसला. त्याचा आवाज अगदी हळू होता. "मामा, करा ना सही. कोण वाचतंय तो कागद? माझं शेवटचं वर्ष आहे. वय निघून चाललंय माझं."

आता मला जे लिहायचं आहे ते मी बरेच दिवस टाळत आले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी, धिक्काराच्या पाठीवर अक्षरं गिरवलेली, मी त्या क्षणी मनात म्हणत होते की करून टाका. एक शब्द तर आहे. मी तोंडानं बोलले नाही, पण नजर खाली घातली, आणि मामांना ती वाचता येत होती. मी आजवर जी काही पत्रकं लिहिली त्यांतली एकही ओळ त्या वेळी माझ्या कामाला आली नाही.

मामा उठले. टेबलाकडे नाही, शेजारी बसलेल्या तरुणाकडे वळून उभे राहिले, आणि त्याला हात जोडले.

"तुझं नुकसान माझ्यामुळं होतंय. माफी तुझी मागतो. ह्यांची नाय."

मग पेन मागितलं. मुख्य गृहस्थांनी सुटकेचा निःश्वास टाकून पुढे केलं. मामांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर सावकाश, गाडीच्या बिघाडाचा रिपोर्ट लिहावा तशा अक्षरांत लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते उभं राहून वाचून दाखवलं.

"समोरच्याची रेंज गेली, म्हणून बरोबरी मी दिली. त्याच्याशी आधी बोलणं नव्हतं. माझ्या संघानं मला अडवलं होतं, तरी दिली. तिसऱ्या संघाचं नुकसान झालं, त्यांना पुढे पाठवावं. पाठीमागच्या बाजूला लिहिलेलं खोटं आहे. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा देईन."

खाली सही केली, सहीखाली त्यांचा जुना बिल्ला नंबर लिहिला आणि पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

"मामा, संघ बाद होईल," गृहस्थ म्हणाले. त्यांच्या आवाजात आता खरंच विनवणी होती.

"व्हय साहेब. ते तुमच्या हातात हाय. हे माझ्या."

मी उठले. कर्णधार म्हणून मीही त्या मजकुराखाली सही केली. औषधवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सही केली. भरतीवाला तरुण दारातून बाहेर निघून गेला. त्यानं सही केली नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. मामांनी तर दिलाच नाही. मी पायऱ्यांवर काहीतरी कडू बोलायला तोंड उघडलं तेव्हा मामांनी मला तिथल्या तिथे गप्प केलं. "त्याच्या पोटाचा प्रश्न हाय. तुझ्या माझ्या तत्त्वाची झळ त्यानं का सोसायची? त्याला काय बोललीस तर मी तुझ्याशी बोलणार नाय."

संघ बाद झाला. तिसरा संघ राज्य पातळीवर गेला. त्यांचे सामने मामांनी छापखान्यात बसून पाहिले, सगळे. प्रत्येक डावाच्या आधी शर्टाचं वरचं बटण लावून. भरतीवाला तरुण महाडात दिसला तर अजून रस्ता बदलतो. मामा पलीकडच्या फुटपाथवरून हात वर करतात. तो उत्तर देत नाही, तरी करतात.

स्पर्धेच्या संकेतस्थळावर खेळाडूंची यादी अजून आहे. मामांच्या नावापुढे लाल अक्षरांत लिहिलंय, 'शिस्तभंग, कायम अपात्र'. संगनमताचं कलम त्यांना लावता आलं नाही, म्हणून हे शोधून काढलं. परवा मी ते मामांना दाखवलं आणि म्हणाले की अर्ज करते, काढायला लावते, गरज पडली तर कोर्टात जाते, कोर्ट काय इथं हाकेच्या अंतरावर आहे. मी बोलत होते आणि ते फोन डब्याला टेकवत होते.

"राहू दे गो," ते म्हणाले. "शिस्त मोडली असेल, तर त्यांची. माझी नाय."

आणि पडद्यावर कुणाचं तरी नाव उमटलं.